कृश अश्वांची निवड

रॅली हा शब्द आपल्याकडे बहुधा मोर्चा किंवा मिरवणूक या अर्थानें रूढ आहे. त्यामुळें ‘माझा पुतण्या रॅलींत भाग घेतो’ असें मीं म्हटलें, कीं समोरचे गृहस्थ ‘कोणत्या पक्षाच्या?’ असें हमखास विचारतात. तेव्हां लेखाच्या आरंभींच अर्थनिश्चय करून घेतलेला बरा. येथें रॅली म्हणजे मोटारींची एक विशिष्ट स्पर्धा. गोल बांधीव मार्गावर सर्व गाड्या एकदम सोडून जी शर्यत लावतात, ती ही नव्हे. रॅलींत गाड्या ठराविक वेळाच्या अंतरानें एकामागून एक सुटतात. मार्ग डोंगरांतून, शेतांच्या कडेनें, बहुधा कच्च्या रस्त्यांवरून जातो. आणि प्रत्येक गाडींत चालकाच्या शेजारीं एक सहचालक मांडीवर वही घेऊन बसलेला असतो.

हिचे दोन प्रकार ध्यानांत ठेवावेत. पहिला वेळ, वेग व अंतर यांच्या हिशोबाचा. इंग्रजी आद्याक्षरांवरून त्यास टीएसडी म्हणतात. तो चालू रहदारीच्या रस्त्यावर, वेगमर्यादेच्या आंत राहून होतो, आणि नेमून दिलेल्या सरासरी वेगानें अचूक वेळीं ठाण्यावर पोहोंचणें हेंच त्यांतील कौशल्य. दुसरा प्रकार खऱ्या वेगाचा. त्यासाठीं रस्त्याचा एखादा तुकडा रहदारीस बंद करून घेतात आणि तेथें प्रत्येक गाडीची घड्याळाशीं झुंज लागते. भारतांत या खेळाचें नियमन फेडरेशन ऑफ मोटर स्पोर्ट्स क्लब्स ऑफ इंडिया ही १९७१ सालीं स्थापन झालेली संस्था करते. आपल्या महाराष्ट्रांत नाशिकच्या परिसरांत राष्ट्रीय दर्जाच्या स्पर्धा भरल्या आहेत, आणि पुण्याचे संजय टकले हे तर २०२५ सालीं सौदी अरेबियांतील डकार क्लासिक या वाळवंटी स्पर्धेंत उतरले होते. म्हणजे हा खेळ आपल्या लोकांना अगदींच परका राहिलेला नाहीं.

ज्याचें आयुष्य शाळेंत संस्कृत आणि अंकगणित शिकविण्यांत गेलें, त्या मॅट्रिक झालेल्या मास्तराचा या विषयाशीं संबंध काय, असें वाचक विचारतील. संबंध रक्ताचा आहे. माझे थोरले बंधु पंधरा वर्षांपूर्वीं रस्त्यावरील अपघातांत गेले. त्यांचा एकुलता एक मुलगा तेव्हां चौदा वर्षांचा होता. आज तो वाळूजच्या औद्योगिक वसाहतींत एका कारखान्याच्या टूलरूममध्यें काम करतो. हात कुशल, बोलणें थोडकें, आणि लहानपणापासून मोटारींचें वेड. गेल्या सहा वर्षांत त्यानें साडेसहा लाख रुपये सांठविले आणि एके दिवशीं आईपुढें मनांतील गोष्ट मांडली, कीं या पैशांतून रॅलीसाठीं एक गाडी तयार करावयाची आहे.

ज्या घरांतील कर्ता पुरुष रस्त्यावर गेला, त्या घरांत हें बोलणें कसें ऐकलें गेलें असेल याची कल्पना वाचकांनींच करावी. वहिनी दोन दिवस कांहीं बोलल्या नाहींत. तिसऱ्या दिवशीं त्यांनीं मला बोलावून घेतलें आणि म्हणाल्या, “भाऊजी, मीं नको म्हटलें तर तो ऐकेल, पण मग जन्मभर माझ्यासमोर गप्प बसेल. तुम्ही हिशोब हातीं घ्या. गाडी पळायच्या आधीं आंतला माणूस वांचेल असें करा. मग माझी ना नाहीं.” पुतण्यानेंहि ही अट मान्य केली. अशा रीतीनें वयाच्या सहासष्टाव्या वर्षीं मी एका रॅलीच्या गाडीचा खजिनदार झालों, आणि खजिनदारास वस्तूची किंमत कळावयाची तर वस्तु कळली पाहिजे, म्हणून विद्यार्थीहि झालों.

पहिला प्रश्न गाडीच्या निवडीचा. पुतण्याचे मित्र जमले, कीं आमच्या ओसरीवर वादसभाच भरे. एका पक्षाचें म्हणणें, जुनी ऑक्टेव्हिया घ्यावी. स्कोडा कंपनीचा कारखाना २००१ पासून आमच्या शहराच्या वेशीबाहेर, जालना रस्त्यावर शेंद्र्याला आहे. तेव्हां ती गाडी म्हणजे जणूं आपल्या गांवची लेक. अभिमान मलाहि आहे; परंतु ती गाडी मोठी, वजनदार, आणि तिचे सुटे भाग तिच्या मोठेपणाला शोभतील अशा किंमतीचे. दुसऱ्या पक्षाचा कौल मारुति जिप्सीला. १९८५ सालीं निघालेल्या या चौचाकी-चालनाच्या गाडीनें भारतीय रॅलीचा इतिहास घडविला आहे. १९९० च्या दशकांत हरि सिंग यांनीं तिच्याच बळावर नांव मिळविलें. पण २०१९ मध्यें नागरिकांसाठीं तिची विक्री थांबल्यापासून चांगली जिप्सी मिळणें दुर्लभ, आणि मिळाली तरी आमच्या सगळ्या पुंजीचा मोठा भाग एकटी गिळून टाकणारी.

तिसरा पक्ष माझ्या पुतण्याचा होता, आणि तो सर्वांत कमी आवाजांत बोलला. त्याचें म्हणणें मारुतीची एस्टीम घ्यावी. ही गाडी १९९४ ते २००७ पर्यंत विकली गेली. डॉक्टर, वकील, बँकेचे अधिकारी अशा लोकांची ती साधी चार दारांची कौटुंबिक मोटार. एंजिन १,२९८ घनसेंटीमीटरचें, आणि जिप्सी किंगमध्यें ज्या घराण्याचें एंजिन, त्याच घराण्याचें. मागाहून आलेल्या सोळा झडपांच्या आवृत्तींत ८५ अश्वशक्ति. अंग हलकें, रचना सोपी, आणि मुख्य म्हणजे तिचे भाग तालुक्याच्या गांवींहि सांपडतात व तिचें पोट उघडून दुरुस्त करणारा मिस्त्री प्रत्येक बाजारपेठेंत भेटतो.

हें ऐकतांना मला वनपर्वांतील नलोपाख्यान आठवलें. अयोध्येचा राजा ऋतुपर्ण याला एका दिवसांत विदर्भांत कुंडिनपुरास पोहोंचावयाचें होतें. सारथि होता बाहुक, म्हणजे वेष पालटलेला नल. त्यानें अश्वशाळेंतून जे घोडे निवडून आणले, ते पाहून राजा रागावला. कारण ते अंगानें कृश होते. नलानें मात्र त्यांच्या अंगावरील शुभ लक्षणें पाहिलीं होतीं, त्यांचा दमसास ओळखला होता. पुष्ट, तुकतुकीत घोडे मिरवणुकीस चांगले. शंभर योजनांची मजल मारावयाची तर निकष निराळे. मीं ही गोष्ट ओसरीवर सांगितली, तेव्हां पुतण्या हंसला आणि म्हणाला, “काका, हेंच मला सांगायचें होतें, पण मला इतकें चांगलें सांगतां येईना.”

हा निकष केवळ पुराणांतला नाहीं. १९६८ सालीं लंडन ते सिडनी अशी एक विख्यात रॅली झाली. अठ्ठ्याण्णव गाड्या निघाल्या. इराण, अफगाणिस्तान ओलांडून त्या मुंबईला आल्या, तेथून बोटीनें ऑस्ट्रेलियांत गेल्या आणि पुन्हां धांवूं लागल्या. मोठमोठ्या नामांकित, वेगवान गाड्या वाटेंत मोडल्या किंवा अडखळल्या, आणि पहिला क्रमांक आला तो अँड्र्यू कॉवन यांच्या हिलमन हंटर या अगदीं साध्या, घरगुती वळणाच्या गाडीचा. त्याच स्पर्धेंत रॉजर क्लार्क या प्रख्यात चालकाच्या फोर्ड कॉर्टिनाच्या मागच्या आंसांतील डिफरन्शियल मोडलें. ऑस्ट्रेलियांतील त्या आडवाटेवर त्यास एका स्थानिक गृहस्थाची तशीच कॉर्टिना दिसली; तिचा आंस विकत मागून, आपल्या गाडीस बसवून तो पुढें गेला. गाडी दुर्मिळ असती तर त्याची स्पर्धा तेथेंच संपती. सामान्य असण्याचा एवढा मोठा उपयोग असतो.

दुसरें उदाहरण आपल्या रक्ताच्या माणसाचें. केनियांतील शीख चालक जोगिंदर सिंग यांनीं १९६५ सालीं पूर्व आफ्रिकेची सफारी रॅली जिंकली, ती एका जुन्या व्हॉल्व्हो गाडीवर. आदल्या वर्षींच्या स्पर्धेंत तीच गाडी कंपनीतर्फे उतरली होती आणि तिनें मध्येंच मान टाकली होती. जोगिंदर सिंग मुळांत वडिलांच्या गॅरेजमध्यें तयार झालेले मिस्त्री. दुसऱ्यानें टाकलेल्या गाडींत काय शिल्लक आहे हें त्यांच्या हाताला कळलें. सेकंडहँड गाडी घेणाऱ्यानें हा धडा मनांत धरावा. शिल्लक काय आहे तें ओळखतां आलें पाहिजे.

तें ओळखावें कसें? प्रथम एंजिनाकडे पाहूं नये. एंजिन दुरुस्त होतें, बदलतांहि येतें. पाहावयाचा तो पत्रा. गंजलेल्या सांगाड्यावर केलेला खर्च वाळूंत ओतलेल्या पाण्यासारखा. या बाबतींत आमच्या मराठवाड्याच्या कोरड्या हवेचे उपकार मानले पाहिजेत. समुद्राकांठची खारी हवा खाल्लेली गाडी वरून कितीहि सुरेख दिसली, तरी तिचे पायपत्रे आंतून कुरतडलेले असण्याचा संभव फार. मी माझा जुना नालाकृति लोहचुंबक बरोबर घेऊन जात असें. पत्र्यावर जेथें पुट्टीचा जाड थर देऊन रंग फांसलेला असेल, तेथें चुंबक धरीत नाहीं. पाहावयाच्या जागा मुख्यतः तीन: दाराखालचे उंबरठे, पायाखालची जमीन, आणि बॉनेट उघडल्यावर दोन्ही बाजूंस ज्या घुमटांत शॉकअब्सॉर्बरचीं वरचीं टोकें बसतात ते घुमट. रॅलींत सगळे धक्के शेवटीं तेथें पोहोंचतात. सात गाड्या या परीक्षेंत नापास झाल्या. आठवी एका निवृत्त गृहस्थांची २००५ सालची होती. रंग उडालेला, आंतील कापड फाटलेलें, पण पत्रा खणखणीत, आणि चारी सिलिंडरांचा दाब जवळजवळ सारखा. ऐंशीं हजारांस सौदा ठरला.

आतां खरा वाद उभा राहिला. पुतण्यास आणि त्याच्या मित्रांस एंजिनाची शक्ति वाढवावयाची होती. त्यासाठीं सव्वा लाखाचा आंकडा पुढें आला. मीं वही उघडली आणि वहिनींची अट वाचून दाखविली. माणूस वांचविणाऱ्या वस्तूंची किंमत आधीं मांडावयाची, उरेल त्यांतून गाडी टिकविणाऱ्या वस्तु घ्यावयाच्या, आणि त्यांतूनहि उरलें तर वेगाचा विचार करावयाचा, असा क्रम ठरला. तरुण मंडळींचीं तोंडें लहान झालीं. पण हिशोबाची बेरीज कोणालाहि खोडतां येईना.

माणूस वांचविणाऱ्या वस्तूंत पहिली रोल केज, म्हणजे गाडीच्या पोटांत बसविलेला पोलादी नळ्यांचा पिंजरा. गाडी उलटली तरी छत डोक्यावर बसूं नये, हें त्याचें कार्य. नळी कोणतीहि चालत नाहीं. आंतरराष्ट्रीय नियमांप्रमाणें ती थंड ओढीची, सांध्यावांचूनची लागते. मुख्य कमानीसाठीं ४५ मिलिमीटर व्यासाची व अडीच मिलिमीटर जाडीची, किंवा ५० मिलिमीटर व्यासाची व दोन मिलिमीटर जाडीची. पाण्याच्या नळाच्या पाइपांचे स्वस्त पिंजरे करून देणारे कारागीर भेटतात. ते पिंजरे दिसतात सारखेच, पण धक्क्याखालीं दुमडतात. पिंजऱ्याचे पाय पातळ पत्र्यावर तसेच टेकवून भागत नाहीं; खालीं तीन मिलिमीटर जाडीची पोलादी पट्टी देऊन भार पसरावा लागतो. नाहीं तर अपघातांत नळी शाबूत राहून पत्रा फाडीत खालीं जाते. माझ्या पुतण्याचा व्यवसायच मोजमापाचा असल्यानें या कामांत त्याचें मन रमलें, आणि ओसरीवरचा रुसवा आपोआप निवळला.

पिंजऱ्यामागून खोलगट आसनें, अनेक पट्ट्यांचे बंद, शिरस्त्राणें, मानेला आधार देणारीं साधनें, आग न धरणारे पोषाख, अग्निशामक नळकांडीं, आणि बाहेरूनहि ओढतां येईल असा विजेचा मुख्य खटका. येथें एक गोष्ट मुद्दाम सांगतों. आसनांवर व पट्ट्यांवर वापराची मुदत छापलेली असते. मुदत संपलेला माल निम्म्या किंमतीस मिळतो आणि नवा असल्यासारखा दिसतो; पण धागा ऊन आणि घाम खाऊन दुबळा झालेला असतो. तो घेऊं नये. पिंजऱ्यास एक लाख आणि या बाकीच्या साहित्यास दोन लाख दहा हजार लागले.

गाडी टिकविण्यास दोन लाख दहा हजार गेले. त्यांत शॉकअब्सॉर्बर व स्प्रिंगा सत्तर हजार. खडबडीत रस्त्यावर शॉकअब्सॉर्बरमधील तेल सारखें घुसळून तापतें, फेसाळतें, आणि मग गाडी चेंडूसारखी उड्या घेऊं लागते. म्हणून येथें काटकसर केली नाहीं. एंजिन व गिअरपेटी उघडून झिजलेले भाग बदलण्यास पंचावन्न हजार. शक्ति वाढविली नाहीं, जी मुळांत होती ती परत मिळविली. टायर तीस हजार, ब्रेक व रेडिएटर पंचवीस हजार, एंजिनाच्या पोटाखालचा संरक्षक पत्रा पंधरा हजार, आणि किरकोळ पंधरा हजार. ब्रेकच्या तेलाची गोष्ट तर मला मोठी बोधप्रद वाटली. तें हवेंतील ओलावा शोषून घेतें. डॉट ४ जातीचें तेल नवें असतांना निदान २३० अंश सेल्सियसपर्यंत उकळतां कामा नये. ओलावा शिरल्यावर हीच मर्यादा १५५ अंशांवर येते. घाटांत ब्रेक तापले, कीं जुनें तेल उकळतें, वाफ दाबली जाते, आणि पाय थेट जमिनीला लागतो. कांहीं शें रुपयांचें तेल वेळेवर बदलणें हें पुष्कळ महागड्या सुधारणांहून मोलाचें.

गाडीची सर्व बेरीज सहा लाख झाली. पन्नास हजार प्रवेशशुल्क आणि वाहतुकीसाठीं राखून ठेवले. वाचकांनीं पाहिलें असेल, कीं निम्म्याहून अधिक पैसा अशा वस्तूंवर गेला, ज्यांनीं गाडी कणभरहि जलद झाली नाहीं. उलट पिंजऱ्याच्या भारानें ती थोडी मंदच झाली.

आणखी एक बाब कायद्याची. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमान्वयें नोंदणी झालेल्या गाडीच्या मूळ रचनेंत मनास येईल तसा फेरफार करतां येत नाहीं. म्हणून स्पर्धेची गाडी रस्त्यावर चालविण्याचा मोह आम्हीं ठेवला नाहीं. ती टेम्पोवर चढवून नेतों आणि स्पर्धेच्या जागींच उतरवितों. सराव पैठण रस्त्याकडील एका स्नेह्यांच्या शेतांतील खासगी वाटेवर, त्यांच्या संमतीनें. तेथील काळ्या मातीनेंहि पुष्कळ शिकविलें. कोरडी असतांना तिची धूळ हवेच्या गाळणींत शिरून एंजिनाचा श्वास कोंडते. पाऊस पडला, कीं तीच माती बैलगाडीच्या चाकाला जशी लिंपते, तशी मोटारीच्या चाकावरील कमानींत गच्च भरून चाकच धरून ठेवते. प्रत्येक फेरीनंतर गाळणी झटकणें आणि कमानी खरवडून काढणें हा आमचा नित्यनेम झाला.

गाडी तयार होत असतांना वर्षभर आम्ही घरच्या साध्या मोटारींतून टीएसडी स्पर्धांत भाग घेतला, आणि तेथें मी सहचालक झालों. हा अनुभव शिक्षकी पेशाला अगदीं साजेसा. ताशीं ३६ किलोमीटर म्हणजे सेकंदास दहा मीटर. २४ किलोमीटरांस बरोबर चाळीस मिनिटें. पण झिजलेल्या किंवा निराळ्या मापाच्या टायरामुळें अंतरमापक यंत्र शेंकडा दोननें चुकलें, तर २४ किलोमीटरांत ४८० मीटरांचा फरक पडतो, म्हणजेच ४८ सेकंदांचा. म्हणून आरंभींच्या मोजलेल्या टप्प्यावर आपलें यंत्र आयोजकांच्या अंतराशीं ताडून गुणक काढावा लागतो. त्रैराशिक शिकतांना ‘याचा उपयोग काय, सर?’ असें विचारणाऱ्या पिढ्या मीं पाहिल्या. त्यांतील कोणी हें वाचीत असेल तर उत्तर उशिरा दिल्याबद्दल क्षमा असावी. नल रथ हांकीत होता आणि ऋतुपर्ण वाटेवरील बेहड्याच्या झाडाचीं पानें व फळें नजरेनें मोजीत होता. त्या दोघांनीं शेवटीं आपापल्या विद्या एकमेकांस दिल्या. चालक व गणक यांची जोडी इतकी जुनी आहे.

गाडी उतरविली ती गतवर्षींच्या पावसाळ्यांत, एका हौशी चालकांच्या स्पर्धेंत. वेगाच्या प्रकारांत शेजारच्या आसनावर पुतण्याचा कारखान्यांतील मित्र बसला. मी दुरुस्तीच्या तळावर घड्याळ आणि सामानाची यादी घेऊन उभा. टप्प्यांच्या मध्यें दुरुस्तीस मोजकींच मिनिटें मिळतात. त्यामुळें कोणतें पान्हें कोणाच्या हातीं, कोणतें चाक कोणी उघडावयाचें, हें आधींच वाटून दिलेलें असावें लागतें. पहिल्या दिवशीं आमच्याहून कितीतरी जलद अशा चार गाड्या बंद पडल्या: एकीचा गिअर तुटला, दोन तापल्या, एकीचें चाक निखळलें. आमची एस्टीम मधल्या क्रमांकावर निमूटपणें चालली होती.

दुसऱ्या दिवशीं पावसानें रस्ता निसरडा झाला आणि एका वळणावर गाडी घसरून शेताच्या चरांत डाव्या कुशीवर आडवी झाली. ही बातमी मला तळावर समजली, ती ‘गाडी आडवी, माणसें ठीक’ अशा चार शब्दांत. त्या चार शब्दांतील शेवटचे दोन ऐकूं येईपर्यंतचा काळ मीं कोणत्याहि घड्याळानें मोजलेला नाहीं. दोघेहि स्वतःच्या पायांनीं बाहेर आले होते. त्यांनीं नियमाप्रमाणें मागच्या गाड्यांस दिसेल असा त्रिकोण रस्त्यावर मांडला आणि ‘आम्ही सुखरूप’ या अर्थाचा फलक धरला. स्वयंसेवकांनीं व गांवकऱ्यांनीं गाडी सरळ केली. पुतण्यानें तेल तपासलें, चाकें हलवून पाहिलीं, आणि एंजिन पहिल्या खटक्यास सुरू झालें. पुष्कळ वेळ गमावून ते शेवटच्या ठाण्यावर पोहोंचले. आमच्या वर्गांत आमचा क्रमांक शेवटून दुसरा लागला.

गाडी घरीं आली, तेव्हां वहिनी अंगणांत उभ्या होत्या. डावें दार आंत दबलें होतें. त्यांनीं तें उघडावयास लावलें, आंत वांकून पिंजऱ्याच्या आडव्या नळीवर हात फिरविला. नळी सरळ होती. “भाऊजी, ही नळी किती रुपयांची?” त्यांनीं विचारलें. मीं वही काढून आंकडा सांगितला. त्या कांहीं बोलल्या नाहींत. दोन दिवसांनीं त्यांनीं पुतण्याच्या हातांत दार दुरुस्त करण्यापुरते पैसे ठेवले. ते घेतांना त्याचे डोळे भरून आले होते, हें मीं पाहिलें. त्यानें तें लपविलें नाहीं.

मोटारीचा छंद चांगला कीं वाईट, हा निवाडा मी देत नाहीं. ज्यांच्या घरीं एखादा मुलगा किंवा मुलगी असा हट्ट धरून बसली असेल, त्यांना एवढेंच सुचवितों, कीं नुसता नकार देऊन हिशोबाच्या वहीपासून दूर राहूं नये. वही आपल्या हातीं घ्यावी. प्रथम वर्षभर घरच्या गाडींतून टीएसडी खेळूं द्यावी. तिच्यांत वेगाचें वेड ओसरतें आणि अचूकपणाची गोडी लागते. पुढें गाडी घ्यावयाची झालीच तर सामान्य, हलकी आणि कोणत्याहि गांवीं दुरुस्त होणारी घ्यावी, आणि पैसा खर्चण्याचा क्रम माणूस, मग गाडी, मग वेग असाच राहूं द्यावा. आमच्या वहींत तिसऱ्या सदराखालीं अजून शून्यच आहे. पुतण्या मधून मधून तें पान उघडून पाहतो, आणि मी चष्मा पुसत दुसरीकडे बघतों.